दिवाळीचे दिवे लावणारे अठरा गणराजे



दिवाळीच्या रात्री आपल्यापैकी कोणी पोषध करतं, कोणी निर्वाणाचा जप करतं, कोणी पहाटे निर्वाण लाडू चढवतं. आणि दरवर्षी प्रवचनात एक गोष्ट ऐकायला मिळते. प्रभूंचं निर्वाण झालं त्या अमावास्येला नऊ मल्लकी आणि नऊ लिच्छवी असे काशी-कोशलचे अठरा गणराजे पोषधात होते, आणि ज्ञानाचा प्रकाश गेला म्हणून त्यांनी दिव्यांचा प्रकाश केला. कल्पसूत्रातली ही नोंद आहे. आपण ती ऐकतो, हात जोडतो आणि फराळाच्या डब्यांकडे वळतो.

पण हे अठरा जण एकत्र कसे? मल्लांची गावं वेगळी, लिच्छवींचं नगर वेगळं, मध्ये गंडकसारखी नदी. तरी ग्रंथ त्यांचं नाव नेहमी एका दमात घेतात, जसं आपण 'सोळा सती' म्हणतो. त्याचं कारण दिवाळीच्या आधी घडलेल्या एका युद्धात आहे. हे अठरा जण म्हणजे लहान राज्यांची युती होती. एका बलाढ्य, हावऱ्या शेजाऱ्यासमोर टिकायचं तर एकमेकांच्या मदतीला धावून जायचं, असं ठरवून ते एकत्र आले होते. त्यांची हकिगत भगवती सूत्रात आहे, निरयावलिकेत आहे आणि दुसऱ्या बाजूने बौद्ध ग्रंथांतही आहे. आज तीच सांगते.

आधी नकाशा डोळ्यांसमोर आणा. आजचा बिहार. मधून गंगा वाहते. गंगेच्या दक्षिणेला मगध, राजधानी राजगृह, पाच टेकड्यांच्या कुशीत दगडी तटाने वेढलेली. मगधाच्या हाताशी लोखंडाच्या खाणी होत्या आणि हत्तींची रानं होती. तिथे राजा एकच, त्याचा शब्द शेवटचा. गंगेच्या उत्तरेला वज्जी संघ. इतिहासकार हा आठ कुळांचा संघ मानतात. त्यात लिच्छवी, विदेह आणि आपल्या प्रभूंचं ज्ञातृक कूळ प्रमुख. राजधानी वैशाली, म्हणजे आजचं बसाढ. तिथे मुकुट घालून बसणारा एक सम्राट नव्हता. जातककथा सांगतात की वैशालीत ७,७०७ 'राजे' होते, म्हणजे सभेत बसण्याचा मान असलेले कुटुंबप्रमुख. ते संथागारात जमायचे आणि चर्चा करून ठरवायचे. (आपल्या महिला मंडळाच्या बैठकीला चाळीस जणी आल्या तर चहा थंड होईपर्यंत विषय ठरत नाही. ७,७०७ जणांचं काय होत असेल याची कल्पना करा!) आणखी पश्चिमेला, आजच्या उत्तर प्रदेशाच्या बाजूला, मल्लांची गणराज्यं, पावा आणि कुशीनारा.

वैशालीचे प्रमुख होते चेटक. त्रिशलामातेशी त्यांचं नातं काय, यात आपल्यात दोन परंपरा आहेत. श्वेतांबर म्हणतात ती चेटकांची बहीण, दिगंबर म्हणतात मुलगी. काहीही धरा, हे प्रभूंचं आजोळचं घर.

आता मी ज्याच्यावर बराच वेळ अडकले ते सांगते. श्वेतांबर कथांप्रमाणे चेटकांना सात मुली. स्वतः कुणाची सोयरीक जमवायची नाही असा त्यांचा नियम होता, म्हणून मुलींच्या आयांनी स्थळं पाहिली. आणि काय स्थळं! प्रभावती सिंधू-सौवीरच्या उदायनाला दिली, पद्मावती चंपेच्या दधिवाहनाला, मृगावती कौशांबीच्या शतानीकाला, शिवा उज्जैनच्या चंडप्रद्योताला, ज्येष्ठा प्रभूंच्या थोरल्या भावाला, नंदिवर्धनाला. सुज्येष्ठेने दीक्षा घेतली. आणि चेलना मगधाच्या श्रेणिकाकडे गेली, तीही रीतसर नव्हे, भुयारातून. रोज सोळा सतींचं स्मरण करता ना? त्यातल्या प्रभावती, पद्मावती, मृगावती आणि शिवा या चौघी एकाच घरच्या लेकी आहेत.

म्हणजे उत्तर भारताच्या निम्म्या दरबारांत वैशालीचे जावई. आपल्याला वाटेल, याहून भक्कम तटबंदी कोणती? पण पुढे काय झालं ते पाहा. शतानीकाने चंपेवर धाड घातली, म्हणजे साडूने साडूचं नगर लुटलं. त्याच लुटीत दधिवाहनाची लेक वसुमती बाजारात विकली गेली. तिलाच आपण चंदनबाला म्हणून वंदन करतो. मग चंडप्रद्योताने कौशांबीला वेढा दिला, तोही स्वतःच्या मेहुणीच्या, मृगावतीच्या मोहाने. तिने त्याच्याकडूनच नगराचा तट पक्का बांधून घेतला आणि प्रभूंच्या समवसरणात दीक्षा घेतली. आणि उदायनाने प्रद्योताला पकडून आणलं आणि संवत्सरीच्या दिवशी क्षमा करून सोडलं, ही कथा तर क्षमापनेच्या प्रवचनात दरवर्षी येते. तेही दोघे साडूच. सहा जावयांमध्ये निदान तीन भांडणं शस्त्राची! वैशालीवर संकट आलं तेव्हा यांच्यापैकी कोणाचं सैन्य मदतीला उभं राहिल्याचं निरयावलिकेत येत नाही. मदतीला आले ते अठरा गणराजे, ज्यांनी सभेत बसून शब्द दिला होता.

संकट घरातूनच आलं. श्रेणिक आणि चेलनेचा मुलगा कूणिक, बौद्ध ग्रंथांतला अजातशत्रू. त्याने बापाला कैदेत टाकलं. लहानपणी तुझं बोट सडलं होतं तेव्हा याच बापाने त्यातला पू तोंडाने ओढून काढला होता, हे चेलनेने सांगितल्यावर तो कुऱ्हाड घेऊन बेड्या तोडायला धावला. श्रेणिकाला वाटलं मारायलाच येतोय, आणि त्याने प्राण सोडले. नंतर कूणिकाने राजधानी चंपेला नेली आणि राज्याचे अकरा वाटे केले, एक आपला आणि दहा काल, सुकाल वगैरे सावत्र भावांचे. धाकट्या वेहल्लाला वाटा नाही. त्याच्याकडे बापाने दिलेल्या दोन वस्तू होत्या, सेचनक हत्ती आणि अठरा सरांचा हार. (काही ग्रंथांत हल्ल आणि विहल्ल असे दोन भाऊ येतात.) वेहल्ल हत्तीवर बसून गंगेत जलक्रीडा करायला जाई. लोक म्हणायला लागले, राज्याचं खरं सुख तर हाच भोगतो. ते कूणिकाच्या राणीच्या कानावर गेलं आणि तिने हट्ट धरला. वेहल्ल हत्ती आणि हार घेऊन आजोळी पळून गेला.

इथे मला जरा थांबावंसं वाटतं. एवढं मोठं युद्ध, आणि खापर फुटतं एका राणीच्या दागिन्याच्या हौसेवर! बौद्ध टीकाकार वेगळंच कारण देतात. गंगेवर एक घाट होता, अर्धा मगधाचा, अर्धा लिच्छवींचा. तिथे डोंगरातून मौल्यवान माल उतरायचा आणि लिच्छवी दरवेळी आधी पोचून तो उचलायचे. मला हे जास्त पटतं. नदीवरचा व्यापार आणि जकात कोणाच्या हातात, हा प्रश्न होता. हत्ती आणि हार हे निमित्त. पण निमित्तालाही महत्त्व असतं, कारण त्यावर उत्तर काय द्यायचं हे ठरवताना वैशालीचा कस लागला.

कूणिकाने तीनदा दूत पाठवला. हत्ती द्या, हार द्या, वेहल्लाला परत पाठवा. चेटकांचं उत्तर सरळ होतं. कूणिक जसा माझा नातू तसाच वेहल्लही. त्याला राज्याचा वाटा द्या, मी वस्तू परत करतो. तिसऱ्या खेपेला दूताने डाव्या पायाने चेटकांच्या पादपीठाला लाथ मारली आणि भाल्याच्या टोकावर पत्र धरलं. चेटकांनी त्याला मागच्या दाराने बाहेर काढलं आणि अठरा गणराजांना बोलावणं पाठवलं.

त्या बैठकीचं वर्णन निरयावलिकेत आहे आणि ते मला फार आवडतं. चेटक हुकूम सोडत नाहीत. सगळी हकिगत मांडतात आणि विचारतात, परत करायचं की लढायचं? लक्षात घ्या, वेहल्ल चेटकांचा नातू होता, त्या अठरांचा कोणी नव्हता. हत्ती परत द्या आणि आम्हाला यात ओढू नका, असं म्हणायला त्यांना पूर्ण जागा होती. त्यांनी उत्तर दिलं की शरण आलेल्याला परत पाठवणं योग्य नाही, कूणिक चाल करून आला तर आम्ही लढू. त्यांना दिसत असणार की आज वैशालीच्या दारातून माणूस ओढून नेता आला, तर उद्या पावेच्या आणि परवा कुशीनाऱ्याच्या दारातूनही नेता येईल. मग चेटक म्हणाले, घरी जा आणि आपापलं सैन्य घेऊन या. प्रत्येकाने सारखंच आणायचं होतं, ३,००० हत्ती, ३,००० घोडे, ३,००० रथ आणि ३ कोटी पायदळ. चेटकांचाही वाटा तेवढाच. ३ कोटी हा आकडा शब्दशः घेऊ नका, पण हिशेब बघा. एकोणीस जणांचे मिळून ५७,००० हत्ती. कूणिक आणि त्याचे दहा भाऊ मिळून ३३,०००. एकेकटं गणराज्य मगधापुढे किरकोळ होतं, पण सगळी मिळून ती मगधापेक्षा मोठी होती.

आणि सुरुवातीला ते जिंकत होते. चेटकांचा नियम, दिवसाला एकच बाण. तो चुकत नसे. दहा दिवसांत कूणिकाचे दहा भाऊ पडले.

मग कूणिकाने युद्धाची तऱ्हा बदलली. भगवती सूत्रात दोन युद्धांची नावं येतात, महाशिलाकंटक आणि रथमुशल. पहिल्यात गवताची काडी लागली तरी मोठी शिळा आदळल्यासारखं वाटे. दुसऱ्यात घोडे नाहीत, सारथी नाही, योद्धा नाही असा रथ मुसळासकट माणसं चिरडत फिरे. सूत्र याचं श्रेय देवेंद्रांच्या मदतीला देतं. आजचे काही अभ्यासक म्हणतात की ही दगड फेकणारी यंत्रं आणि झाकलेले रथ असावेत. पहिल्या युद्धात ८४ लाख मेले, दुसऱ्यात ९६ लाख, असं सूत्र म्हणतं. मल्लकी आणि लिच्छवी हरले.

हे सगळं प्रभूंच्या हयातीत घडलं, आणि लढणारे दोन्हीकडचे त्यांचे नातलग होते. गौतमस्वामींनी विचारलं, रणात मरणारे स्वर्गात जातात असं लोक म्हणतात, ते खरं का? प्रभूंनी ते साफ नाकारलं. रथमुशलात मेलेल्या ९६ लाखांपैकी दहा हजार जीव एका मासळीच्या पोटी जन्मले, एक देवलोकात गेला, एक चांगल्या मनुष्यकुळात आला आणि बाकीचे नरक-तिर्यंच गतीत. बाजू न्यायाची की अन्यायाची, असा फरक तिथे केलेला नाही. वीरमरणाचे पोवाडे ऐकत वाढलेल्या आपल्या कानांना हे कठोर वाटतं.

देवलोकात गेलेला तो एक म्हणजे वरुण, वैशालीचा श्रावक. बारा व्रतं घेतलेला, दर तिसऱ्या दिवशी पारणं करणारा. राजाची आणि गणाची आज्ञा आली, जावंच लागलं. त्याने बेल्याचा तेला केला आणि रणात उतरताना अभिग्रह घेतला की जो आधी माझ्यावर वार करील त्याच्यावरच मी वार करीन, दुसऱ्या कोणावर नाही. समोर त्याच्याच वयाचा, त्याच्यासारखाच दिसणारा योद्धा आला आणि म्हणाला, मार. वरुण म्हणाला, आधी मी मारत नाही. त्याचा बाण वर्मी लागल्यावर मगच वरुणाने बाण सोडला. मग रथ बाजूला नेला, घोडे सोडले, दर्भावर पूर्वेकडे तोंड करून बसला, आलोचना केली, बाण उपसला आणि समाधीत देह ठेवला. दुसरा, मनुष्यजन्म मिळालेला, त्याचा बालमित्र. तोही जखमी होता आणि वरुणाचं पाहून त्याने तसंच केलं.

जैनांनी हातात शस्त्र घ्यावं का, हा प्रश्न आपल्याला बाहेरचे लोकही विचारतात आणि घरातली मुलंही. विरोधी हिंसेवर श्रावकाचाराच्या ग्रंथांत बरीच चर्चा आहे. मी मुलांना वरुणाचीच गोष्ट सांगते. तो शेजाऱ्यांना सोडून घरी बसला नाही, आणि लढायला मिळालं म्हणून मोकळाही सुटला नाही.

आता युती मोडली कशी? इथे बौद्ध ग्रंथ जास्त सांगतात. अजातशत्रूने आपला मंत्री वस्सकार याला गौतम बुद्धांकडे पाठवलं, वज्जींना जिंकता येईल का हे चाचपायला. बुद्धांनी सात गोष्टी सांगितल्या. त्यातल्या पहिल्या दोन अशा की वज्जी वारंवार आणि भरपूर संख्येने सभेला जमतात, आणि एकोप्याने जमून एकोप्याने उठतात. आणखी एक अशी की ते कुळातल्या स्त्रियांवर आणि मुलींवर जबरदस्ती करत नाहीत. हे सगळं जोवर चालू आहे तोवर त्यांची हानी नाही. वस्सकार हुशार. त्याने ओळखलं की यांच्याशी लढून उपयोग नाही, एकतर गोड बोलून वश करायचं किंवा आपसात फूट पाडायची.

पुढचं बुद्धघोषाच्या टीकेत आहे. राजाने हाकलून दिल्याचं सोंग करून वस्सकार वैशालीत आला. लिच्छवींनी त्याला ठेवून घेतलं. तो काय करी, तर एखाद्या लिच्छवीला बाजूला घेऊन हळूच विचारी, शेतात नांगर धरतात का हो? बैलांची जोडी जुंपतात का? कधी विचारी, आज जेवणात कालवण काय होतं? बस्स, एवढंच. दुसऱ्याने विचारलं, गुरुजी काय म्हणाले? हा म्हणे, कालवण काय केलं ते विचारलं. कोण विश्वास ठेवणार? त्याला वाटे, हा काहीतरी लपवतोय. मग कुणाला सांगायचं, अमका तुला भित्रा म्हणतो. तीन वर्षांत अशी वेळ आली की दोन लिच्छवी एका रस्त्याने चालेनात. सभेचा नगारा वाजला तर म्हणत, जे शूर आहेत, मोठे आहेत त्यांनी जावं. अजातशत्रू आला तेव्हाही नगारा वाजला. कोणी आलं नाही आणि वेशीचे दरवाजे उघडेच राहिले.

हा प्रकार ज्यांनी एकत्र कुटुंबात दिवस काढलेत त्यांना समजावून सांगायला नको.

आपल्या आवश्यक चूर्णीत शेवट निराळा आहे. रणात हरल्यावर गणराजे आपापल्या नगरांना परतले, चेटक तटाच्या आत गेले आणि बारा वर्षं वेढा चालला. कूलवालक नावाच्या भ्रष्ट साधूला मागधिका गणिकेने वश केलं. त्याने नगरात शिरून वेढ्याला कंटाळलेल्या लोकांना पटवलं की मुनिसुव्रतस्वामींचा स्तूप पाडला की वेढा उठेल. लोकांनी स्वतःच्या हाताने तो पाडला. दोन परंपरा, दोन कथा, पण दोन्हींत शत्रूचा माणूस हितचिंतक म्हणूनच आत येतो.

नगर पडल्यावर कूणिकाने वैशालीवर गाढवांचा नांगर फिरवला. हे वाचताना आपल्याला पुणं आठवल्याशिवाय राहत नाही. १६३० च्या सुमारास आदिलशाहीच्या मुरार जगदेवाने पुणं जाळून तिथे असाच गाढवांचा नांगर फिरवला, आणि पुढे जिजाबाईंनी शिवबांच्या हस्ते सोन्याच्या फाळाने ती भूमी नांगरून घेतली असं सांगतात. शत्रूचं गाव नुसतं जिंकायचं नाही, अपशकुनी करून टाकायचं, ही रीत इतकी जुनी आहे. फरक एवढाच की कूणिकाने नांगर फिरवला तो स्वतःच्या आजोळावर. गंमत म्हणजे लिच्छवी त्यानेही संपले नाहीत. सुमारे आठशे वर्षांनी गुप्तांच्या पहिल्या चंद्रगुप्ताने लिच्छवींच्या कुमारदेवीशी लग्न केलं, नाण्यावर तिची प्रतिमा आणि लिच्छवींचं नाव घातलं. त्यांचा मुलगा समुद्रगुप्त स्वतःला लिच्छवींचा दौहित्र म्हणवून घेत असे.

दिव्यांकडे परत येते. भगवती सूत्रात गोशालकाच्या अंतकाळी महाशिलाकंटक युद्धाचा उल्लेख येतो, आणि त्याच प्रसंगी प्रभू सांगतात की माझी सोळा वर्षं अजून उरली आहेत. म्हणजे ते युद्ध निर्वाणाच्या निदान सोळा वर्षं आधीचं. हरून सोळा वर्षं झाली होती, तरी अमावास्येच्या त्या रात्री ते अठराही जण पोषधात होते आणि त्यांचं नाव अजून एकत्रच घेतलं जात होतं. काही इतिहासकार यावरून म्हणतात की मगधाला वैशाली गिळायला सोळा वर्षांहून जास्त लागली. ज्या मगधाने पुढे जवळजवळ सगळा भारत घेतला, त्याला या छोट्या गणांनी इतकी वर्षं गंगेच्या पलीकडे अडवून धरलं. मला ही मोठी गोष्ट वाटते.

आणि बायकांचं काय झालं? चेलनेचं आधी. एका बाजूला बाप, दुसऱ्या बाजूला मुलगा. रणाच्या वर्णनात तिचं नाव येत नाही.

पण त्या दहा भावांच्या आयांचं येतं. काली राणी चंपेत प्रभूंना विचारायला गेली, माझा मुलगा काल मला जिवंत दिसेल का? प्रभूंनी सांगितलं, तो चेटकांच्या एका बाणाने पडला. ती कुऱ्हाडीने तोडलेल्या चंपकवेलीसारखी कोसळली. पुढची काली तुम्हाला माहीत आहे. पर्युषणात अंतगड सूत्राचा आठवा वर्ग ऐकतो ना? काली, सुकाली, महाकाली, कृष्णा, सुकृष्णा, महाकृष्णा, वीरकृष्णा, रामकृष्णा, पितृसेनकृष्णा, महासेनकृष्णा. कालीने रत्नावली तप केलं, सुकालीने कनकावली. महासेनकृष्णेने आयंबील वर्धमान, चौदा वर्षं, तीन महिने, वीस दिवस. त्याच तपाची ओळी आपल्या कितीतरी जणी आजही करतात. आपण त्यांच्या तपाचे आकडे मोजतो. त्या दहाही जणी दहा दिवसांत मुलं गमावलेल्या आया होत्या, हे अंतगडमध्ये सांगितलेलं नाही. त्यासाठी शेजारी निरयावलिका उघडून ठेवावी लागते.

मगधाच्या या दहा राण्या ज्या आर्येच्या आज्ञेत राहिल्या, ती चंदनबाला. कौशांबीच्या बाजारात विकली गेलेली चंपेची मुलगी. तिचं नगर लुटणाऱ्या शतानीकाची राणी मृगावतीही त्याच संघात, तिचीच शिष्या होती.